विरजण, भिंगरी आणि आष्टीचा पूल

दर पंधरवड्याच्या शनिवारी दुपारी आमची गाडी चंद्रपूरहून निघते तेव्हा तिच्यात दोन नाजूक प्रवासी असतात. एक म्हणजे स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डबीतले चमचाभर विरजण आणि दुसरी भिंगरी नावाची कारवान जातीची शिकारी कुत्री. दोघांचेही प्रवासाशी उभे वैर आहे. विरजण उन्हाने फाटते आणि भिंगरीचे पोट रस्त्याने बिघडते. गेली काही वर्षे या दोघांना सुखरूप पोचवणे हा माझ्या आयुष्यातला एक नियमित उद्योग होऊन बसला आहे. वाङ्मयाच्या प्राध्यापकाने कुत्रीच्या आतड्यांवर लिहावे, हे काहींना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. परंतु जे मनात घोळत राहते त्यावरच लिहावे, असे आम्हीच विद्यार्थ्यांना वर्गात सांगत असतो.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. मी चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पत्नी अहेरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सारा मुलूख एकच चंद्रपूर जिल्हा होता. आमच्या संसाराची फाळणीही साधारण त्याच सीमेवर झालेली आहे. बल्लारपूर, गोंडपिपरी, मग वैनगंगेवरचा आष्टीचा पूल, पुढे सागवानाच्या जंगलातून आलापल्ली, असा हा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. कागदावर तो तीन तासांचा आहे. अलीकडे सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक या वाटेने धावू लागल्यापासून किती तासांचा ते ट्रक आणि खड्डे ठरवतात.

भिंगरी माझी नव्हे. ती माझ्या थोरल्या भावाची. आमचे मूळ गाव लातूर जिल्ह्यात. तिकडच्या माळरानावर कारवान कुत्री पाळण्याची जुनी हौस आहे: लांब निमुळते तोंड, आत ओढलेले पोट, चाबकासारखी शेपटी, आणि ससा दिसला की वाऱ्याला मागे टाकील असे पाय. हिचीच मुधोळ संस्थानच्या नावाने ओळखली जाणारी बहीण 2005 साली टपाल तिकिटावर झळकली, तेव्हा दादाने ते तिकीट आणून देवघराच्या चौकटीला चिकटवले होते. 2021च्या एप्रिलमध्ये दादा करोनाने गेला. तेव्हा भिंगरी जेमतेम वर्षाची होती. दोन महिन्यांनी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही दारात बसून वाटेकडं बघत राहती. मला बघवत नाही. तुम्ही न्या." मी नेली. चारशेहून अधिक किलोमीटरच्या त्या पहिल्या प्रवासात तिने गाडीत नऊ वेळा ओकारी काढली आणि चंद्रपुरात उतरल्यावर तीन दिवस तिचे पोट वाहत राहिले. तो तिचा शोक आहे, असे मला तेव्हा वाटले. शोक हा शब्द मला नको तितक्या सहज सुचतो. तिला वाटेत कोणी काय खाऊ घातले होते, याचा विचार माझ्या मनात आलाही नाही.

साहित्याने आम्हांला इथे काही शिकवले नव्हते, हे नमूद केले पाहिजे. आपल्या वाङ्मयात कुत्र्याला तोंड आहे, पोट नाही. आदिपर्वातली एकलव्याची कथा मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने शिकवतो. त्या कथेला वळणच मुळी एका शिकारी कुत्र्यामुळे मिळते. मृगयेला निघालेल्या पांडवांबरोबरचे ते कुत्रे अरण्यात भरकटते, निषादपुत्राला पाहून भुंकू लागते आणि त्याचे तोंड सात बाणांनी भरले जाते. त्या तोंडावरून पुढचे सारे महाभारत घडते: अर्जुनाची असूया, द्रोणांची दक्षिणा, तुटलेला अंगठा. आमच्या वर्गात अंगठ्यावर रास्त आणि पोटतिडकीची चर्चा होते. या जिल्ह्यांतली मुले ती कथा ऐकताना जितकी गप्प होतात तितकी अन्यत्र होत नसावीत. पण त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, हे आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही, आणि मीही नाही. महाप्रस्थानात युधिष्ठिरामागून चाललेला श्वान तर हिमालयापर्यंत गेला. वाटेत तो काय खात होता याविषयी महाभारतकार मौन पाळतात. तो साक्षात धर्म असल्यामुळे त्याला पथ्य नसावे. एक नामदेव मात्र अपवाद. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची त्यांची आख्यायिका घराघरांत सांगतात. भक्ती म्हणून ती थोरच आहे. मात्र पशुवैद्यांपुढे मी ती एकदा सांगितली तेव्हा ते म्हणाले, "तूप जास्त झालं तर स्वादुपिंड सुजतं, सर."

असो. मूळ कथेकडे येतो.

पहिली दोन वर्षे आमचा क्रम ठरलेला होता. शनिवारी प्रवास, वाटेत ओकारी. रविवारी पातळ, शेंबडासारखा चिकट स्राव असलेली शी, दिवसातून सात-आठ वेळा. सोमवारी पहाटे परत प्रवास. मंगळवारपर्यंत घरी सगळे सुरळीत. मी यावर जे जे उपाय केले ते आज सांगताना संकोच वाटतो. आलापल्लीला पोचताच ती थकली असेल म्हणून तिला अंडी घालायची. रविवारी पोट बिघडले की मायेने दूध-भाकरी. मग दूध बाधले असे वाटून वाडगाभर दही, कारण दह्याने पोट थंड होते हे आईचे वाक्य. आणि एकदा तर माझ्याच जुलाबावर आणून उरलेली मेट्रोनिडाझोलची अर्धी गोळी गुळात लपवून. शिकलेला माणूस घरच्या मुक्या जनावरावर किती प्रयोग करू शकतो, याची ही यादी आहे.

मग तो फेब्रुवारीतला शनिवार आला. आष्टीचा पूल ओलांडला होता. मागच्या आसनावर भिंगरी कण्हू लागली, पाठीची कमान करू लागली. पोटात कळ आली आहे हे ओळखून मी गाडी बाजूला घेतली आणि दोरी हातात धरून दार उघडले. ती उतरली, बसली, आणि त्याच क्षणी रस्त्यापलीकडच्या पळसांमधून चितळांचा एक कळप निघाला. दोरीचा हिसका मला नंतर जाणवला. तळहाताची साल गेली होती. ती धावली तशी धाव मी तोवर पाहिली नव्हती. पोटाने पार खचलेले ते जनावर जमिनीवरून वाहत गेल्यासारखे गेले आणि सागाच्या खोडांत दिसेनासे झाले.

खरे सांगायचे तर, पहिल्या दोन-तीन क्षणांत मला जे वाटले ती भीती नव्हती. दादा असता तर शीळ घातली असती, असे मनात आले. दुसऱ्या बाजूने मी ज्या रस्त्यावर उभा होतो तो चपराळा अभयारण्याच्या आसपासचा मुलूख. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तीत नुसते मारणे येत नाही. पाठलाग करणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यातले काहीही करू पाहणे येते. म्हणजे कायद्याच्या भाषेत माझ्या हातातून निसटलेली ती धाव हीच एक शिकार होती. त्याहून वाईट शक्यता वेगळ्या होत्या. या जंगलात बिबटे आहेत, आणि बिबट्याला कुत्रे प्रिय. रानकुत्रे, ज्यांना जुन्या मराठीत कोळसून म्हणतात, तेही आहेत, आणि गावठी कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग जंगलातल्या कोळसुनांपासून वाघांपर्यंत कुणालाही लागू शकतो. भिंगरीची लस झालेली होती एवढेच समाधान.

ती पाऊण तासाने आली. तोंडाला रक्त नव्हते. जीभ मात्र काळपट लाल, पाय थरथरत होते. गाडीत चढताच ती आडवी पडली आणि पडल्या जागी तिला जुलाब झाले. आलापल्लीपर्यंत मी किती वेगाने गेलो ते आठवत नाही. त्या रात्री खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच खाली बसत नव्हती, तंबूसारखी उभी राहत होती. अंगातले पाणी संपल्याची ती खूण आहे हे मला तेव्हा पत्नीने सांगितले. आश्रमशाळेतल्या मुलांच्या उन्हाळी जुलाबांशी तिचा बारा वर्षांचा परिचय. रात्रभर आम्ही दर पंधरा मिनिटांनी मीठ-साखरेचे पाणी चमच्याने तिच्या गालात सोडत होतो. मध्यरात्री मला वाटले, वहिनींना काय सांगायचे? आणि त्या विचारात दादाचा चेहरा न येता वहिनींचा आवाजच येत राहिला, "तुम्ही न्या."

सकाळी शाळेतले कामाठीकाका आले. ते माडिया, भामरागडच्या बाजूचे, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी भिंगरीकडे पाहिले, तिच्या हिरड्यांवर अंगठा दाबून सोडला, आणि विचारले, "काय घातलं हिला?"

मी सांगितले. अंडी, दूध, दही.

"तिकडं घरी काय खाते?"

"ज्वारीची भाकरी, थोडं उकडलेलं मटण, वरणाचं पाणी."

"मग इथं आल्यावर दुसरं काहून देता, गुरुजी?"

या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही. तुम्हांला सुचले तर सांगा.

त्यांनी घरून तांदळाची पातळ पेज आणली, मीठ न घातलेली, निवलेली. दुपारनंतर तीच पेज, पण आदल्या रात्रीपासून आंबवलेली, पाणी घालून आणखी पातळ केलेली. भिंगरीने आधी वास घेतला आणि मग सावकाश चाटली. मी काकांना म्हणालो, "आमच्यात यासाठी ताक देतात." ते हसले. "दूध वासराचं असते. आमच्याकडं गाय पिळत नसत. आता पोरं चहात घेतात. पण म्हाताऱ्यांनी नाही घेतलं." गाईचे दूध न काढण्याची ही माडियांमधली जुनी रीत मी पुस्तकांतून वाचली होती. तिचा माझ्या रविवारच्या दह्याशी काही संबंध असेल, असे कधी वाटले नव्हते. दुधावाचूनही आंबवण्याची कला जोपासणाऱ्या समाजापुढे मी ताकाचे माहात्म्य सांगत होतो.

त्यांच्या वडिलांकडे पारधीची कुत्री होती. पेरणीआधीच्या विज्जा पंडुमला गावाने मिळून पारधीला जायचे, ती त्यांनी लहानपणी पाहिलेली. मी उत्सुकतेने वहीच काढली. सांगण्यासारखे त्यांना फारसे वाटत नव्हते. एवढेच म्हणाले की नेण्याच्या आदल्या सांजेला कुत्र्याला अर्धपोटी ठेवत आणि परतल्यावर लगेच भरपेट घालत नसत, आधी पाणी, मग दम, मग पेज. नंतर दारातून जाता जाता म्हणाले, "ती रानात कशाला चालली, हे तिला माहीत पाहिजे ना." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. त्याचा अर्थ लावण्याचा मोह मी चार-पाच वेळा टाळला आहे, इथेही टाळतो.

चंद्रपूरच्या पशुवैद्यांनी मला त्या आठवड्यात अर्धा तास बसवून घेतले. त्यांचे म्हणणे, मी दोन वेगवेगळ्या तक्रारींना एकच नाव दिले होते. वाटेतली ओकारी ही कानातल्या तोलाच्या यंत्रणेची गोष्ट. डोळ्यांना आसन स्थिर दिसते, कानाला वळणे कळतात आणि या विसंगतीने मळमळते. तिच्यावर पोटातले जंतू काही करू शकत नाहीत. त्यासाठी वेगळे औषध आहे, आणि निघण्याआधी पाच-सहा तास पोट रिकामे ठेवणे हा त्याहून साधा उपाय. दुसऱ्या दिवशीची ती चिकट, थोडी थोडी, वारंवार होणारी शी ही मात्र मोठ्या आतड्याची. भीती, कोंडलेपण, ऊन, नवे पाणी, नवे अन्न यांनी आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची घडी विस्कटते आणि त्याचा अस्तराला दाह होतो. माझ्या अर्ध्या गोळीने ती घडी आणखी विस्कटली असणार, कारण मेट्रोनिडाझोल उपद्रवी जंतूंबरोबर उपकारीही मारते. ते रागावले नाहीत. मात्र शी तपासल्याशिवाय पुढे बोलायला तयार नव्हते. जंत, जिआर्डिया, गोचिडीचा ताप, या भागात यातले काहीही प्रवासाच्या नावाखाली दडून राहते आणि मालक भोळेपणाने रस्त्याला दोष देत बसतो.

तपासणी स्वच्छ आली. मग त्यांनी प्रोबायोटिकची पुडी लिहून दिली. एंटेरोकोकस फेशियम नावाचा जंतू, दर पुडीत कोट्यवधींच्या संख्येने. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सुरू करायची, प्रवासात चालू ठेवायची, परतल्यावर आणखी तीन दिवस. अन्न उकळते असताना त्यात घालायची नाही. "आणि सर," ते म्हणाले, "यावर फार भिस्त ठेवू नका. काही चाचण्यांत जुलाबाचे दिवस थोडे कमी झालेले दिसतात, काहींत काहीच फरक दिसत नाही. अपाय मात्र सहसा नाही."

औषध लिहून देणाऱ्याने औषधाविषयी इतके मोजके बोलावे, हे मला आवडले. घरी येऊन मी त्या शब्दाच्या मागे लागलो. तो माझा व्यवसायच. 1965 साली लिली आणि स्टिलवेल या संशोधकांनी 'प्रोबायोटिक' हा शब्द एका सूक्ष्मजीवाच्या स्रावाने दुसऱ्याची वाढ होते या अर्थी वापरला, म्हणजे अँटिबायोटिकच्या अगदी उलट. आज त्याचा अर्थ पुरेशा प्रमाणात दिल्यास यजमानाच्या आरोग्याला हितकर ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा घेतला जातो. ही व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्यविषयक संघटनांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केली. कल्पना मात्र जुनी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकोव्ह, 1908च्या नोबेलचे मानकरी, आंबट दूध प्यायल्याने वार्धक्य लांबते असे मानत आणि स्वतः नेमाने पीत. ते एकाहत्तराव्या वर्षी गेले.

प्रोबायोटिकला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही, अशी तक्रार एका सहकाऱ्याने केली. मी त्याला म्हणालो की आहे, तो आपल्या फ्रीजमध्ये आहे. विरजण म्हणजे पुढच्याच्या वाढीसाठी राखून ठेवलेला जिवंत अंश. गंमत अशी की भाषेने या शब्दाचे भलतेच केले. कुणाच्या उत्साहावर विरजण पडले, असे आपण म्हणतो आणि त्याचा अर्थ सारे नासले असा घेतो. स्वयंपाकघरात जे करण्यासाठी विरजण घालतात ते दूध टिकवणे आणि पचनी पाडणे असते. वाक्प्रचारात मात्र ते उत्साह थिजवायला येते. दुधाच्या बाजूने पाहिले तर बरोबरच आहे म्हणा, त्याचे दूधपण गेलेच. हा वाक्प्रचार दूध पिणाऱ्यांनी घडवला असावा, दही लावणारीने नव्हे.

परंतु शब्दाच्या प्रेमात पडून वस्तूची गल्लत करू नये. वैद्यांनी मला स्पष्ट सांगितले की दही म्हणजे ती पुडी नव्हे. घरच्या दह्यातले जंतू दुधावर वाढायला सोकावलेले. कुत्र्याच्या जठरातले आम्ल ओलांडून आतड्यात पोचणारे त्यांतले किती, आणि पोचल्यावर टिकणारे किती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. शिवाय मोठ्या वयाच्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली शर्करा पचत नाही. दह्यात ती थोडी कमी असते एवढेच, आणि मी वाडगाभर घालत होतो. काकांच्या आंबलेल्या पेजेतही जंतू असणारच, पण तिने भिंगरीला तारले असेल तर ते बहुधा पाण्यामुळे आणि सहज पचणाऱ्या तांदळामुळे.

विरजण आणि पुडी यांच्यात एक साम्य मात्र मला अनुभवाने कळले. दोघांचा शत्रू ऊन. चंद्रपूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला 46 अंशांविषयी सांगायला नको. उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. पहिल्या उन्हाळ्यात मी पुड्या गाडीच्या खणात ठेवल्या. आष्टीला उघडल्या तेव्हा भुकटीचे खडे झाले होते. त्यात जिवंत म्हणण्यासारखे काही उरले असेल, असे वैद्यांनाही वाटले नाही. तेव्हापासून पुडी आणि विरजणाची डबी एकाच थर्मासमध्ये, बर्फाच्या पिशवीसोबत जातात. पत्नीला चंद्रपूरचेच विरजण लागते. तिकडे बाजारातल्या दह्याचे दुसऱ्या दिवशी तार सुटणारे दही लागते, असा तिचा अनुभव. लग्नानंतर माझ्या आईने तिला दिलेले, आणि आईला तिच्या सासूने, असे ते लातूरकडून आलेले विरजण आहे. मधल्या काळात ते किती वेळा मेले आणि शेजारून आणावे लागले हे कोणी मोजले नाही, पण घरात ते तेच मानले जाते. उन्हाळ्यासाठी वैद्यांनी पुडीही बदलून दिली. बॅसिलस कोॲग्युलन्स हा जंतू बीजाणूच्या कवचात राहतो आणि उष्णता पुष्कळ सोसतो. या जिल्ह्यांत शासनानेही अशाच माणसांची नेमणूक करावी, असे पत्नी म्हणाली.

आता आमचा क्रम असा. बुधवारपासून पुडी. शनिवारी सकाळी सहानंतर अन्न नाही, पाणी थोडे थोडे. भिंगरीचे तिकडचे दोन दिवसांचे जेवण चंद्रपूरहूनच, अगदी भाकरीचे पीठसुद्धा, आणि पिण्याच्या पाण्याचा कॅनही. दर पाऊण तासाने थांबायचे, पण रान दिसेल तिथे नाही. पेट्रोल पंपाच्या किंवा वस्तीच्या आवारात, दुहेरी दोरी बांधून. अंडी बंद, दूध बंद. जाताना पूर्वी मी तिच्याशी सारखे बोलत असे. तेही कमी केले, कारण माझा आवाज चिरका होतो हे पत्नीने लक्षात आणून दिले.

याचा परिणाम काय, हे पाहण्यासाठी मी हजेरीच्या एका जुन्या नोंदवहीत रकाने पाडले आहेत. तारीख, तापमान, ओकारी, शी, शेरा. उपस्थित-अनुपस्थितच्या खुणाच वापरतो, सवयीने. फेब्रुवारीतल्या त्या प्रकारानंतरच्या पहिल्या चौदा फेऱ्यांची नोंद पुरी झाली तेव्हा मी ती वही अभिमानाने वैद्यांपुढे ठेवली. ओकारी अकरा फेऱ्यांत अनुपस्थित, जुलाब दहांत. त्यांनी पाहिले आणि विचारले, "पुडी कधी सुरू केली?" मार्चमध्ये. "आणि अन्न न बदलणं?" मार्चमध्येच. "पोट रिकामं ठेवणं?" तेही. मग ते काहीच बोलले नाहीत, आणि मलाही कळले. तीन गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाचा, हे सांगता येत नाही. शोधनिबंधात विद्यार्थ्याने असे केले असते तर मी समासात लाल शाई वापरली असती. गुण पुडीचा नाही हे तपासायचे तर दोन-तीन फेऱ्या ती बंद करून पाहाव्या लागतील. ते धैर्य मला होत नाही. म्हणजे मी आता श्रद्धेने पुडी देतो, आणि श्रद्धाळू माणसाची जी थट्टा मी आजवर केली ती माझ्यावर उलटली आहे.

वीरगळांच्या एका अभ्यासात मला अलीकडे आतकूरच्या शिलालेखाविषयी वाचायला मिळाले. दहाव्या शतकाच्या मध्यावर, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळात, कर्नाटकातल्या आतकूरला काळी नावाच्या शिकारी कुत्र्याचे स्मारक उभारले गेले. रानडुकराशी झुंजताना दोघेही मेले, असे त्यात कोरले आहे. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवीत आणि ते लट्टलूर म्हणजे आमचे लातूर, असे अभ्यासक मानतात. म्हणून मी ते वाचून वहिनींना फोन केला. दादाला हे फार आवडले असते असे मी म्हणणार होतो, पण म्हटले नाही. तीन-चार वर्षांत आम्ही दोघांनीही दादाचे नाव फोनवर फारसे घेतलेले नाही. मी काळीची गोष्ट सांगितली. वहिनींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि नेहमीचाच प्रश्न विचारला.

"तिचं पोट कसं आहे, भाऊजी?"

"बरं आहे. कालपासून घट्ट."

"आणि विरजण पोचलं का नीट?"

"पोचलं," मी म्हणालो. त्या दिवशी ते फाटले होते, पण दही मात्र लागले होते.